सरकारी बाही

हवालदाराचं खरं नाव ठाण्यात फक्त हजेरीपुस्तकाला माहीत होतं. बाकी सगळे त्याला निरोप्या म्हणत. कुणी गाडीखाली सापडलं, कुणी पाण्यात बुडालं, कुणी बसल्या जागी मान टाकली, की त्या घरच्यांना जाऊन सांगायचं काम निरोप्याचं. एकोणीस वर्षांपूर्वी एका साहेबांनी त्याला पहिल्यांदा पाठवलं आणि आठवड्यानं त्या घरून आभाराचं पत्र आलं. तिथेच घोटाळा झाला. सरकारी खात्यात एखादं काम एकदा चांगलं करून दाखवलं की ते जन्माला पुरतं. "तुमच्या तोंडून ऐकलं की लोकांना बरं वाटतं," असं त्यानंतरच्या पाचही साहेबांनी त्याला सांगितलं. त्यातल्या एकानंही स्वतःच्या तोंडून काही ऐकवून बघितलं नाही.

सुरुवातीला तो दारात टोपी काढायचा, बस म्हटलं तर बसायचा आणि पूर्ण वाक्य बोलायचा. वाक्य एकवीस शब्दांचं होतं. बायकोला समोर बसवून त्यानं ते घोकलं होतं. पुढे वापरून वापरून ते साबणाच्या वडीसारखं झिजत गेलं. आधी 'कळवताना अत्यंत दुःख होत आहे' गळालं, कारण होत नव्हतं. मग नाव गळालं, मग नातं. गेल्या दोनेक वर्षांत हातात उरली होती ती चपटी कपची: "गेले. कागदावर पत्ता आहे." तीही तोंडातल्या तोंडात, समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत. भिंती रडत नाहीत, हा एकोणीस वर्षांचा अनुभव.

एक सुधारणा मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यानं केली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. निरोप पोचल्याची सही तो आधी घ्यायचा. ऐकल्यावर लोकांचे हात थरथरतात, सही रकान्याबाहेर जाते आणि वरून शेरा येतो. म्हणून आधी सही, मग निरोप. वरिष्ठांनी या पद्धतीचं कौतुक करून ती शेजारच्या दोन ठाण्यांत लागू केली होती.

घरीही तो याच आवाजात बोलायचा. एकदा स्वयंपाकघरातून बाहेर आला, भिंतीकडे बघत "दूध गेलं" म्हणाला आणि बायको मटकन खाली बसली. दूध उतू गेलं होतं. त्या दिवसापासून घरात नियम झाला: काहीही सांगायचं असेल तर आधी 'सगळे जिवंत आहेत' म्हणायचं, मग पुढचं. "सगळे जिवंत आहेत, गॅस संपलाय." मुलगी कॉलेजात होती. ती म्हणायची, "बाबा, तुमचं आवाज वाढवायचं बटण अडकलंय. कंपनीत दाखवा."

निरोप्यानं दाखवलंही होतं. दोन वेळा रजेचा अर्ज केला, दोन वेळा 'हे काम दुसऱ्याला द्या' असं लिहून दिलं. चारही कागद 'पाहिले' असा शेरा मारून परत आले.

मंगळवारी दुपारी त्याला किल्लीवाल्याकडे पाठवलं. निरोपाच्या वहीतला चारशे बारावा आकडा. दुसऱ्या गावी राहणारी किल्लीवाल्याची थोरली बहीण सकाळी रस्ता ओलांडताना गेली होती. जवळचं माणूस हा एवढाच.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. आत किल्ल्यांची झुंबरं, आणि मधोमध साठीचा किल्लीवाला मशीनवर पितळ घासत बसलेला. मशीन गरगरत होतं. निरोप्यानं वही पुढे केली, रकान्यावर बोट ठेवलं, सही घेतली. सही रकान्यात नीट बसली. मग भिंतीकडे बघत तो पुटपुटला, "गेल्या. कागदावर पत्ता आहे."

"काय? पुन्हा सांगा."

असं बरेच जण म्हणतात. ऐकलेलं परत ढकलायचं असतं त्यांना. निरोप्यानं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा हळू. दुसऱ्यांदा सांगताना हळू सांगावं, असं कधीतरी एका शिबिरात शिकवलं होतं.

"पुन्हा सांगा."

तिसऱ्यांदा आणखी हळू. चौथ्यांदा फक्त ओठ हलले. सातव्यांदा सांगून तो वळला, तेवढ्यात किल्लीवाल्यानं काउंटरवरून वाकून त्याची बाही घट्ट धरली आणि त्याला स्वतःकडे वळवलं. "अहो, पुन्हा सांगा ना!"

त्या क्षणी निरोप्याला राग आला असता तर निदान माणसासारखं झालं असतं. राग आला नाही. नाकावरची माशी उडवावी तशी त्यानं काठी उचलली आणि मनगटावर मारली. बाही सुटली. मग त्यानं आणखी एकदा मारली.

झटापटीत टोपी पडली, तीही त्यानं उचलली नाही. पत्त्याचा कागदही खिशातच राहिला. गाडीत जाऊन बसला आणि डबा उघडून जेवला. भूक लागली होती.

बुधवारी सकाळी साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि "काका, बसा" म्हणाले. साहेब वयानं निरोप्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि एरवी त्याला 'हवालदार' म्हणत. 'काका' म्हणाले की समजायचं, कुठेतरी सही हवी आहे.

"मनगट दोन जागी मोडलंय," साहेब म्हणाले. "इस्पितळातून कळवलंय. मोडलेलं मनगट कुणाच्या तरी माथ्यावर मारावंच लागतं. तुमच्या मारायचं नाही. मी आहे ना."

बाजूच्या टेबलावर रायटरबाई बसल्या होत्या. ठाण्यातला एकूण एक कागद त्यांच्या हातून टाइप होई. त्यांनी कागद वाचून दाखवला, बसमधल्या थांब्यांची नावं वाचावीत तसा.

"'सदर इसमाने मृत्यूचा निरोप मिळाल्यावर संतापून, कर्तव्यावरील कर्मचाऱ्याच्या सरकारी बाहीवर हल्ला केला. कर्मचाऱ्याने बाहीच्या संरक्षणार्थ सौम्य बळाचा एक वेळ वापर केला. त्यात इसमाचे मनगट काठीवर आपटून इसमाने ते मोडून घेतले.'"

"मनगट काठीवर आपटलं?" निरोप्यानं विचारलं.

"रचना साहेबांची आहे," रायटरबाई म्हणाल्या. "माझ्या फक्त वेलांट्या."

कागद दोन होते. एक बळवापराचा अहवाल, ज्यातून निरोप्या सुटणार. दुसरी फिर्याद, ज्यात किल्लीवाला अडकणार: सरकारी कामात अडथळा. दोन्हींवर निरोप्याची सही लागणार होती आणि दोन्ही संध्याकाळी पाचच्या डाकेनं वर जाणार होते. अहवालाच्या छापील नमुन्यात बळासाठी तीन चौकटी होत्या: सौम्य, अतिसौम्य आणि नाममात्र. या ठाण्यानं कधी कुणाला याहून जास्त मारलं नव्हतं. रायटरबाईंच्या संगणकाला तर इतकी सवय झाली होती की 'सौ' एवढं टाइप केलं की पुढचं 'म्य' तो स्वतः लावायचा. रजेच्या अर्जावर त्या स्वतःच्या नावाआधी 'सौ.' लिहायला गेल्या, तर मशीननं त्यांनाच सौम्य करून टाकलं. तो अर्ज तसाच मंजूर झाला.

"आणि हे बघा," साहेबांनी तिसरा कागद काढला. "हेही जोडतो. म्हणजे दुधात साखर."

तो गेल्या महिन्यातला होता. मुख्यालयातून एक समुपदेशक आले होते, सगळ्यांना फॉर्म वाटले होते. 'गेल्या सहा महिन्यांत आपणांस रडू आले काय? होय / नाही / लागू नाही.' निरोप्यानं 'लागू नाही'वर खूण केली होती. निकाल आला होता: 'करुणेचा थकवा, प्रमाण सौम्य. भरपूर पाणी प्यावे.'

"म्हणजे चूक तुमची नाही, थकव्याची," साहेब म्हणाले. "आणि थकव्यावर आपण कारवाई केली आहे. बाहेर पाण्याचा जार ठेवलाय."

निरोप्यानं पेन घेतलं. खरं सांगायचं तर तो सही करणारच होता. त्याला काही वाटत नव्हतं. ना बरं, ना वाईट. वहीतल्या चारशे अकरा जणांसाठी जे शिल्लक राहिलं नव्हतं ते चारशे बाराव्यासाठी कुठून येणार?

"थांबा," रायटरबाई म्हणाल्या. "गणवेशाचं नुकसान लिहायचं राहिलं. टोपी कुठाय तुमची?"

"दुकानात पडली."

साहेबांचा चेहरा उतरला. मनगटाचं एक वेळ निभावलं असतं, पण टोपीचा हिशेब वरपर्यंत द्यावा लागतो. "आधी टोपी आणा," ते म्हणाले. "मग सही."

दुकान बंद होतं. शेजारी एक शिंपी मशीनपुढे बसला होता. निरोप्याला बघून त्यानं खणातून टोपी काढली. तिला इस्त्री केलेली होती.

"चुरगळली होती," शिंपी म्हणाला. शिंपी बोलायचा म्हणजे ओरडायचाच. "मीच नेलं काल त्याला इस्पितळात. हात असा लोंबत होता. काय केलं होतं हो त्यानं?"

"बाही धरली."

शिंप्यानं चष्मा वर ढकलला, पुढे आला, निरोप्याची बाही दोन बोटांत धरून खांद्यापासून मनगटापर्यंत न्याहाळली. "हीच का?"

"हीच."

"तीस वर्षं बाह्या लावतोय मी," शिंपी ओरडला. "शिवण ताणलेली नाही, काज सैल नाही, बटण जागच्या जागी. या बाहीवर हल्ला झालेला नाही. ही नुसती धरली होती."

"तुम्ही ओरडता कशाला?" निरोप्या पुटपुटला.

"काय? जोरात बोला!"

"ओरडता कशाला!"

"सवय! शेजारी बहिरा आहे ना! चाळीस वर्षं कानाशी ते मशीन. आता ढगफुटी झाली तरी विचारेल, कोण आलंय. दुकानात पाटीच लावलीय त्यानं. वाचली नाहीत?"

शिंप्यानं त्याच्याकडच्या किल्लीनं दुकान उघडलं. किल्लीवाल्याची किल्ली शिंप्याकडे, कारण स्वतःची किल्ली तो नेहमी आत विसरायचा. आत, काउंटरच्या मागच्या भिंतीवर, हातभर लांब पाटी होती. लाल रंगात, ठळक:

जोरात बोला. ऐकू येत नाही.

निरोप्या कालच्याच जागी उभा राहिला. नजर कालच्यासारखीच समोरच्या माणसाच्या खांद्यावरून नेली, फक्त आज माणूस नव्हता. नजर पाटीवर जाऊन बसली. बरोबर 'जोरात'वर. सात वेळा त्यानं त्या शब्दाकडे बघून पुटपुटलं होतं.

"मग त्यानं ऐकलंच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"त्यानं काही ऐकलंच नाही!" निरोप्या ओरडला. आवाज इतका अनोळखी निघाला की त्यानं मागे वळून बघितलं. "त्याला नंतर कुणी सांगितलं का?"

"काय सांगायचं होतं?" शिंप्यानं विचारलं. "मी विचारलं होतं तुमच्या ठाण्यात फोन करून. ते म्हणाले, निरोप पोचलाय, सही आहे."

सही होती. रकान्यात नीट बसलेली.

इस्पितळात किल्लीवाला खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. निरोप्याला बघताच त्यानं तो हात पाठीमागे घेतला, मोठ्यांना बघून पोरानं हातातलं खेळणं लपवावं तसा. मग म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसं खोलीभर ऐकू जाईल असं, "काठी आणलीय का आज?"

"नाही."

"काय?"

"नाही!"

"मग बसा." किल्लीवाल्यानं डाव्या हातानं स्टूल दाखवलं. "मला एक सांगा, मी चुकलो कुठे? ती सही कशाची होती? मी विचारत होतो, तुम्ही आपलं तोंड फिरवून भिंतीशी बोलत होतात. ओठ दिसले की मला निम्मं कळतं, म्हणून बाही धरून वळवलं. तर तुम्ही…" त्यानं पुढचं सोडून दिलं. "बरं, एक काम करा. माझ्या ताईचा फोन काल आला नाही. रोज दुपारी तीनला येतो. तिचं एकटीचं मला फोनवर ऐकू येतं, लहानपणापासून माझ्यावर ओरडूनच तिचा गळा तयार झालाय. रुसली असेल. तुमच्या ठाण्यातून तिला कळवता येईल का? मनगटाचं सांगू नका हं. मलाच बोल लावेल."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा हसला. निरोप्यानं इस्त्री केलेली टोपी काढून मांडीवर ठेवली. एकवीस शब्दांचं ते वाक्य आठवायला गेला, तर पहिले तीन शब्द आले आणि पुढे सगळं पांढरं. मग त्याच्याकडे जे होतं ते तो बोलला. भिंतीकडे बघून नव्हे. खिडकीतून किल्लीवाल्याच्या तोंडावर ऊन पडलं होतं, त्या तोंडाकडे बघून, जोरात.

"तुमची ताई काल सकाळी रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडली! जागीच वारली! मी काल हेच सांगायला आलो होतो!"

कुणाचा तरी चमचा ताटलीवर वाजता वाजता थांबला. किल्लीवाल्यानं ऐकलं होतं, ते दिसत होतं. तरी तो म्हणाला, "पुन्हा सांगा."

निरोप्यानं पुन्हा सांगितलं. तितक्याच जोरात.

नर्स धावत आली. "अहो, हळू! इथे पेशंट आहेत."

"नाही," निरोप्या म्हणाला. "आता हळू नाही."

"पुन्हा सांगा," किल्लीवाला म्हणाला आणि डाव्या हातानं त्यानं बाही धरली. तिसऱ्यांदा 'वारली' म्हणताना निरोप्याचा आवाज मधेच चिरकला, मुलाचा आवाज फुटतो तसा, आणि पुढचं वाक्य निम्मं हवेतच राहिलं. किल्लीवाल्यानं बाही ओढली, तिच्यात तोंड खुपसलं आणि तो रडू लागला, मोठ्यानं, कारण त्याला स्वतःचं रडणंही ऐकू येत नव्हतं. खांद्यापाशी शिवण टरकली. निरोप्या हलला नाही. बटण तुटून खाटेखाली गेलं, तेही त्यानं जाऊ दिलं.

बऱ्याच वेळानं निरोप्या म्हणाला, "अजून एक आहे. पहिली काठी बाही सोडवायला मारली. तुम्ही सोडलीत. दुसरी मी उगाच मारली."

"उगाच?"

"उगाच. काही वाटलं पण नाही मला. गाडीत बसून जेवलो."

किल्लीवाल्यानं बाही सोडली. डोळे लाल, नाक गळत होतं. "माफ करा बिफ करा म्हणणार असाल तर म्हणू नका," तो म्हणाला. "माझा उजवा हात आहे हा. याच्यावर मी जगतो."

"म्हणत नाहीये."

"मग मला कशाला सांगताय? मला माहीत आहे ना, माझाच हात होता. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." आणि थांबून, "जोरात सांगा. तुमच्याकडे सगळेच बहिरे दिसतात."

निरोप्या ठाण्यात पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. बाहेरच्या बाकांवर नेहमीची माणसं बसली होती: कुणाचं पाकीट हरवलेलं, कुणाचा नवरा. साहेबांनी त्याची लोंबणारी बाही बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शाब्बास काका! आता याला म्हणतात पुरावा! बाई, 'बाहीवर हल्ला केला'च्या जागी 'बाही फाडली' करा."

"ही आज फाटली, साहेब," निरोप्या म्हणाला. "मी फाडू दिली."

"तारखेचं मी बघतो."

"मी सही करणार नाही."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "काका, काय झालं?"

निरोप्यानं काय झालं ते सांगितलं. पाटी, ओठ, तीनचा फोन, सगळं. साहेब वाईट माणूस नव्हते. ऐकताना ते दोनदा "अरेरे" म्हणाले, आणि दुसरं "अरेरे" तर खरं होतं. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "वाईट झालं. पण म्हणून तुम्ही स्वतःचा गळा कापून घेणार? तो थकव्याचा कागद आहे ना. तुम्ही थकला होतात, काका. हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग?"

"थकलेला माणूस बसतो, साहेब. झोपतो. रजा मागतो. मी मागितली होती, दोनदा. काम बदलून मागितलं, दोनदा. चारही कागदांवर तुमचं 'पाहिले' आहे. थकवा मला आला, हे खरं. पण मनगट त्याचं मोडलं. माझ्या थकव्याचं औषध त्याच्या हातावर कशाला?"

"आवाज खाली."

"नाही."

निरोप्यानं कोरा नमुना ओढला आणि लिहायला बसला. तीन चौकटी त्यानं तशाच रिकाम्या सोडल्या. शेजारी पेनानं चौथी काढली, जरा वाकडी आली, तिच्यापुढे 'जोरात' लिहिलं आणि खूण केली. खाली मजकूर लिहिला.

साहेबांनी वाचला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकला. "पुन्हा लिहा."

निरोप्यानं पुन्हा लिहिला. तोच, शब्दाला शब्द.

"पुन्हा लिहा."

कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा जाडजूड होता. खात्याला सौम्य बळाचा तुटवडा कधी पडला नव्हता. तिसरा फाटला, चौथा फाटला. चौथी चौकट मात्र दर खेपेला सरळ होत गेली. सहाव्याला साहेबांचं बोट कागदानं कापलं आणि त्यांनी ते तोंडात घातलं. सातव्याला पाच वाजायला सात मिनिटं होती.

"तुम्हाला कळतंय का?" बोट तोंडातून काढून साहेब म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण! जगात कुणी स्वतःविरुद्ध असं लिहून देतं का?"

"पाटी वाचली असती तर लिहावं लागलं नसतं."

"तुम्ही कितीही लिहा, मी फाडीन."

"मग मी वाचतो," निरोप्या म्हणाला. त्यानं आठवा कागद हातात घेतला, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहिला. पाकीटवाला, नवरेवाली, वॉकीटॉकीवाला शिपाई, सगळ्यांनी वर बघितलं. एकोणीस वर्षांत या ठाण्यात कुणी निरोप्याचा आवाज धड ऐकला नव्हता. काहींना तो मुका वाटत होता.

"'मंगळवारी दुपारी मी किल्लीवाल्यांना त्यांच्या बहिणीच्या मृत्यूचा निरोप सौम्य आवाजात दिला!'" तो गरजला. "'त्यांना ऐकू येत नाही हे भिंतीवर लिहिलेलं होतं. मी त्याच भिंतीकडे बघत होतो. सही मी आधी घेतली होती. निरोप कळावा म्हणून त्यांनी माझी बाही धरली. मी त्यांच्या मनगटावर जोरात मारलं. त्यांनी बाही सोडली. मी पुन्हा जोरात मारलं. दुसऱ्या वेळी काही कारण नव्हतं. जोरात बोलायचं होतं तिथे मी सौम्य बोललो आणि मारलं मात्र जोरात. आधीच्या कागदात हे उलटं लिहिलंय. किल्लीवाल्यांविरुद्ध माझी कुठलीही फिर्याद नाही. हे काम मला झेपत नाही असं मी दोनदा लिहून दिलं होतं. ते पाहिलं गेलं.'"

बाकावरची नवरेवाली बाई उभी राहिली, मग का उभी राहिली ते न सुचून बसली. साहेब कागद घ्यायला पुढे झाले. त्यांच्या आधी रायटरबाईंचा हात पोचला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, शिक्का शाईच्या डबीवर दाबला आणि कागदावर मारला. पेनांचा कप उडाला. मग शांतपणे आवक नोंदवहीत नंबर टाकला.

"बाई!" साहेब म्हणाले.

"आवक झाला, साहेब," रायटरबाई म्हणाल्या. "आता फाडायचा तर वही पण फाडावी लागेल. आणि वहीला टोपीसारखंच आहे, हिशेब वरपर्यंत." त्यांनी संगणकावर प्रत करायला घेतली. 'जोरात' टाइप केलं. मशीन थांबलं. हा शब्द त्यानं कधी बघितला नव्हता. त्याच्याखाली त्यानं लाल नागमोडी रेघ ओढली. "बघ, बघ," रायटरबाई त्याला म्हणाल्या. "शिकून घे."

पाचची डाक गेली. फिर्याद तिच्यात नव्हती. फिर्यादीच नाही म्हटल्यावर नुसत्या बाहीच्या वतीनं खटला कोण भरणार. आठवा कागद होता.

सव्वापाचला साहेबांनी निरोप्याला पुन्हा आत बोलावलं. या वेळी 'काका' नव्हतं, 'हवालदार'ही नव्हतं. त्यांनी टेबलावरून एक छापील कागद पुढे सरकवला, सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि नजर वर न्यायला गेली ती थेट निरोप्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर. मग ते काहीतरी पुटपुटले. त्यातलं '…पासून' तेवढं कळलं.

निरोप्यानं पेन उचललं नाही. त्याला माहीत होतं कागदात काय आहे: निलंबन. घरी जाऊन ते कसं सांगायचं, तेही त्यानं ठरवलं होतं: 'सगळे जिवंत आहेत' हे आधी म्हणायचं, आणि पुढचं असं म्हणायचं की मुलीला दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल. उद्या त्याला बसनं ताईच्या गावी जायचं होतं. किल्लीवाल्याला एका हातानं कागदपत्रं सांभाळता येणार नव्हती. त्यानं 'या' म्हटलं नव्हतं. 'आलात तर बॅग धरा' एवढंच म्हटलं होतं.

"सही करा," साहेब म्हणाले. "मग सविस्तर बोलू."

"आधी निरोप, साहेब," निरोप्या म्हणाला. "मग सही."

"लिहिलंय ना त्यात सगळं."

"माझ्याकडे बघून सांगा." निरोप्यानं मागे हात नेऊन दार उघडलं. बाहेरच्या बाकांवरून सगळ्या माना वळल्या. "आणि जोरात."

साहेबांनी घसा खाकरला. भिंतीवरून नजर काढायला त्यांना बराच वेळ लागला, निरोप्या थांबला, त्याला कुठे घाई होती. शेवटी त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगितलं.

"पुन्हा सांगा," निरोप्या म्हणाला.

साहेबांनी पुन्हा सांगितलं. या खेपेला रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

मग त्यानं सही केली. ती जराशी रकान्याबाहेर गेली. त्यानं ती तशीच राहू दिली.